सोनं, कंदी पेढा आणि पिवळा दिवा

साताऱ्याहून जयपूरला स्वतः गाडी चालवत कोण जातं? एक तर तरुण पोरं जातात, नाहीतर हट्टी म्हातारे. माझी तरुणपणाची मुदत केव्हाच संपली. विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावर जन्म काढून मी निवृत्त झालो. लोकांच्या गाड्यांना काय काय होतं ते मला तोंडपाठ आहे. आपल्या गाडीला काही होत नाही, ही समजूत त्या टेबलावरच कधीतरी झाली असावी.

जयपूरला आमची लेक असते, मीनल. जावईबापू बँकेत, बदली होऊन तिकडे गेलेले. नात ईरा पहिलीत आहे. दसरा लेकीकडे करायचा आणि दिवाळीच्या आत साताऱ्याला परतायचं, असा बेत होता. मीनल म्हणाली, विमानाची तिकिटं काढते. मी म्हणालो, गाडी आहे. ती म्हणाली, ट्रेनची काढते. मी म्हणालो, गाडी आहे. मग सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, फोन घेतला आणि म्हणाली, "अगं, त्यांच्या डोक्यात एकदा घुसलं की घुसलं. मी पाठीला उशी घेते."

वाटेचं फार सांगत नाही. धुळ्याला मुक्काम केला, पुढे माळव्यात सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं पाहिली, आगरला पोहे खाल्ले. त्यांच्यावर शेव इतकी होती की पोहे शोधावे लागले. झालावाडनंतर मुकुंदऱ्याचे डोंगर लागले तेव्हा ऊन उतरलं होतं. स्टिअरिंग हातात आलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं. शाळेतले मास्तर, पहिली नोकरी, आमच्या लग्नात रुसलेले मामा, काय वाट्टेल ते. सुमन मधूनमधून "हं" करते आणि शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवते.

जगतपुरा

जगतपुऱ्याला मीनलचा फ्लॅट आहे. चारी बाजूंना उंच इमारती, मधेच मोकळे प्लॉट, स्कूटरवरून कॉलेजला निघालेली मुलं. आम्ही पोचलो तेव्हा मीनल खाली येऊन उभी होती. सुमन गाडीतून उतरताना कमरेवर हात ठेवून जराशी वाकली, आणि तेवढंच मीनलने बघितलं.

"बाबा, आता ऐका माझं," जेवताना ती म्हणाली. "आईची पाठ बघा. तुमचं वय बघा. इथून जाईपर्यंत गाडीने जरा जरी कुरकुर केली ना, तर चावी माझ्याकडे द्यायची. गाडी इथेच विकू. तुम्ही दोघं विमानाने घरी, आणि पुन्हा लांबचा प्रवास नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. पंधरा दिवसांत काय होणार आहे? वर ईराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "माझी गाडी म्हणजे घड्याळ आहे घड्याळ." तोंडाला आवर घालायची अक्कल तेव्हा आली असती, तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

दसऱ्याला मी जे केलं ते नीट सांगायला हवं. सुमनने साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून आपट्याची पानं आणली होती, कारण तिकडे आपटा मिळत नाही. तिकडची मंडळी दसऱ्याला खेजडीची पूजा करतात. खेजडी म्हणजे आपली शमीच. सोनं म्हणून पानं वाटायची आपली रीत शेजारच्या बायकांना फार आवडली. एकीने तर विचारलं, "आंटीजी, इससे सचमुच सोना आता है क्या?" सुमन म्हणाली, "आजतक तो नहीं आया."

गाडीची पूजा मात्र दोन्हीकडे सारखीच. झेंडूची माळ, कुंकवाचं स्वस्तिक, चाकाशी नारळ. सगळ्यांचं आटोपल्यावर मी बॉनेट उघडलं.

"आता काय?" सुमनने विचारलं.

"टायरला कुंकू लावून काय उपयोग? साताऱ्यापासून इथवर ओढत आणलं कोणी? इंजिनाने. खरा देव आत आहे."

मी इंजिनावरच्या काळ्या झाकणावर मूठभर अक्षता वाहिल्या, खोबऱ्याचे दोन तुकडे ठेवले, साताऱ्याचा कंदी पेढा ठेवला आणि आपट्याची चांगली जुडीच्या जुडी बाजूला खोचली. सोसायटीचा वॉचमन डोकावून बघत होता. "अंकलजी, बोनट में प्रसाद?" "हमारे महाराष्ट्र में ऐसा ही होता है," मी ठोकून दिलं. उभ्या महाराष्ट्रात असं कोणी करत नाही. सुमन एवढंच म्हणाली, "अहो, निदान पेढा तरी ईराला द्या." मी बॉनेट लावून टाकलं.

आमेरच्या वाटेवर

मग तीन-चार दिवस गाडी उभीच होती. मीनलची शाळा होती, ती शिकवते. जावईबापू बँकेच्या कामाने उदयपूरला गेलेले. ईराला सुट्टी म्हणून मी सुमनला आणि तिला घेऊन आमेरला निघालो. जलमहालाच्या अलीकडे, उजवीकडे पाणी चमकायला लागलं होतं, आणि समोर डॅशबोर्डवर आणखी एक गोष्ट चमकली. पिवळा दिवा. इंजिनाचं चित्र असलेला.

मी तिकडे बघितलंच नाही असं केलं. पण ईरा मागून दोन सीटच्या मधून डोकं काढून बसली होती.

"आजोबा, हा पीला वाला लाइट काय आहे? मतलब, गाडी बीमार आहे?"

"छे गं. गाडीला भूक लागली की असा दिवा लागतो."

"मग तिला कचोरी द्या ना."

 सुमन माझ्याकडे नुसती बघत होती. तिचं ते बघणं मी चाळीस वर्षं ओळखतो, त्यात पूर्ण निकालपत्र असतं.

वाचकांसाठी एक कामाची गोष्ट सांगतो, जी मला क्लेमच्या टेबलावरून माहीत होती: पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश चालवत घरी जाता येतं. तोच लुकलुकायला लागला, किंवा लाल काही पेटलं, तर तिथेच थांबायचं. आमचा स्थिर होता. गाडी चालतही बरी होती, जरा आचके देत होती इतकंच. आमेरचा किल्ला मी पाहिला का? पाहिला म्हणे. फोटोत मी आहे. माझ्या डोक्यात मात्र चावी, मीनलचा पुढे केलेला हात आणि विमानतळ एवढंच फिरत होतं. परतताना पेट्रोलच्या टाकीचं झाकण तीनदा पिळून घट्ट केलं, कारण ते सैल असलं तरी कधीकधी दिवा लागतो असं ऐकलं होतं. दिवा ढिम्म.

रात्री जेवताना ईरा आईला म्हणाली, "मम्मा, आजोबांची गाडी भूखी आहे." मला ठसका लागला. मीनल म्हणाली, "बाबा, हळू खा." तेवढ्यावर निभावलं.

पार्किंग

दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला हसतमुख माणूस सांगत होता की बॅटरीची एक वायर थोडा वेळ काढून ठेवा, दिवा आपोआप जातो. मी पाना घेऊन खाली गेलो. बॉनेट उघडलं आणि थबकलो. झाकणावरचा नैवेद्य नाहीसा झाला होता. पेढा नाही, खोबरं नाही, अक्षतांचा एक दाणा नाही. पानंसुद्धा नाहीत. खरं सांगतो, मला भरून आलं. इतकी वर्षं देव्हाऱ्यात नैवेद्य दाखवतोय, तो जागचा हलला नाही, आणि इथे परमुलखात देवाने तो असा स्वीकारला! मी इंजिनाला हात जोडले.

मग वायर काढली, थोडं थांबलो आणि परत लावली. लावताक्षणी गाडीने भोंगा पसरला. चोर शिरला म्हणून गाडी जो गळा काढते तो. चावी वर राहिलेली. सगळ्या बाल्कन्यांमध्ये माणसं आली. वॉचमन धावत आला. पाचव्या मजल्यावरून मीनल ओरडली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही! हॉर्न तपासतोय!"

सुमनने चावी वरून फेकली, ती नेमकी गुलमोहराच्या फांदीत अडकली. वॉचमनने काठीने पाडेपर्यंत गाडी रडतच होती. पण दिवा गेला होता, ही गोष्ट विसरू नका. मी विजयी मुद्रेने वर आलो. गाडीतलं घड्याळ बारावर गेलं होतं आणि रेडिओ सगळी स्टेशनं विसरला होता, तेवढं चालायचंच.

संध्याकाळी दूध आणायला निघालो, तर कोपऱ्यावर दिवा पुन्हा हजर. दिवा घालवणं आणि दुखणं घालवणं वेगळं, हे कळायला मला भर वस्तीत तमाशा करावा लागला.

एका मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्येही जाऊन आलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने गार पाणी दिलं आणि बॉनेट न उघडताच सेन्सर, कॉइल, इंजेक्टरची सफाई अशी यादी ऐकवली. "गाड़ी तीन दिन छोड़नी पड़ेगी, सर." रक्कम ऐकून मी आणखी एक ग्लास पाणी मागितलं. पण रकमेपेक्षा ते तीन दिवस जास्त महाग होते. गाडी तीन दिवस दिसली नाही की मीनल विचारणारच. मी टोपी सारखी केली आणि निघालो.

मग मी गाडीचा कोड वाचणारं छोटं यंत्र मागवलं. स्टिअरिंगखाली एक खाच असते, तिथे ते लावायचं. मोबाइलवर एक नंबर येतो, त्यावरून गाडीचं नेमकं दुखणं कळतं. स्वस्त असतं, पण पार्सल नेमकं मीनलच्या हातात पडलं.

"बाबा, हे काय मागवलंत?"

"ते… ब्लडप्रेशर बघायचं."

तिचा चेहरा एकदम उतरला. "तुम्हाला त्रास होतोय का? आणि बोलला नाहीत? परवा ठसका लागला तेव्हाच मला शंका आली होती."

त्या दिवसापासून मला अळणी मुगाची खिचडी. घरातले बाकीचे कांदा कचोरी, मिर्ची वडा, बाटीवर धारेने तूप ओतून खातायत आणि मी चमच्याने खिचडी ढवळतोय. सुमनला सगळं माहीत होतं. ती मला वाढताना म्हणायची, "मीठ नाही हं घातलं, काळजी करू नका." माझ्या खोटेपणाला ती अशी फोडणी देत होती.

यंत्राने मात्र काम केलं. दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि मी मोबाइलवर वाचलं: ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या वायरिंगमध्ये दोष. "सेन्सर गेला," मी निदान केलं, आणि लगेच नवा मागवायला निघालो.

"थांबा," सुमन म्हणाली. "वायरिंग लिहिलंय ना त्यात? मिक्सर बंद पडला तेव्हाही मोटार बदलायला निघाला होतात. निघाली काय, तर पिन सैल. आधी कोणाला तरी वायर बघू द्या."

आता मिक्सर काढायची गरज होती का? पण ती काढते.

प्रताप नगर

सांगानेरला छापील चादरी घ्यायच्या आहेत असं मीनलला सांगून आम्ही प्रताप नगरला गेलो. तिथे हाउसिंग बोर्डाच्या गाळ्यांच्या रांगेत रामावतारजींचं गॅरेज आहे. वॉचमनने पत्ता दिला होता. रामावतारजी ढेरपोटे, बोलघेवडे आणि ठाम चुकीचे. माझं ऐकण्याआधीच म्हणाले, "पेट्रोल में मिलावट है. शर्त लगा लो." मी यंत्राचा नंबर दाखवला. "मशीन को क्या पता?" म्हणाले आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी पेट्रोलपंपवाल्यांना शिव्या दिल्या, चहा आल्यावर आपल्या साडूला दिल्या. मग सुमन उठली. "भैयाजी, वो काला ढक्कन एक बार खोल दीजिए ना."

बाईमाणूस बोललं म्हणून असेल, त्यांनी पाना घेतला आणि इंजिनावरचं झाकण उचललं.

खाली एक घर होतं. चांगलं गोल, मऊ, निगुतीने रचलेलं. रामावतारजी दोन पावलं मागे सरले. "चूहा! अंकलजी, चूहे ने पूरा मकान बना रखा है!" आत कोणी नव्हतं, पण संसार सगळा मांडलेला. झेंडूच्या पाकळ्या, माळेचा दोरा, खोबऱ्याची साल, कोपऱ्यात तांदळाचे दाणे. आणि भिंती सगळ्या वाळक्या पानांच्या. शेजारून जाणारी एक वायर दातांनी पार सोलली होती.

रामावतारजींनी एक पान उचलून उन्हात धरलं. "ये कौन-से पेड़ का है? हमारे इधर का तो नहीं लगता."

दोन पाळ्यांचं, मधोमध दुमडणारं पान. आपटा. जयपुरात ते फक्त आमच्याच गाडीतून आलं होतं, आणि ते बॉनेटमध्ये खोचणारा माणूस एकच होता.

इतकी वर्षं लोकांच्या क्लेमवर मी "मालकाचा निष्काळजीपणा" असा शेरा मारत आलो. कोणी म्हणे साहेब, गाडी नुसती उभी होती हो, आणि मी चष्म्यावरून बघून म्हणायचो, असं कसं होईल? पण पेढा देऊन उंदराला बोलावणं धाडलं, घर बांधायला सामान पुरवलं आणि वर हात जोडले, असा क्लेम माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. आला असता तर तो माणूस बघायला मी रजा टाकून गेलो असतो.

सुमन आधी तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिला ते आवरेना. गॅरेजमधल्या टायरवर बसून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो… दसऱ्याला… सोन्याची लंका हो! तुमच्या बॉनेटमध्ये!"

"और पेट्रोल?" मी रामावतारजींना विचारलं. काहीतरी जिंकायला हवं होतं.

"पेट्रोल भी खराब ही होगा," ते म्हणाले. त्यांनी वायर जोडून वर नळी चढवली, झाकणाखाली झाडून काढलं, चार डांबरगोळ्या फडक्यात बांधून ठेवल्या. यंत्राने कोड पुसला, दिवा गेला आणि टोंक रोडला दोन चकरा मारल्या तरी गेलेलाच राहिला. जे बिल झालं त्यात मोठ्या वर्कशॉपने गाडीला आतसुद्धा घेतलं नसतं. सांगानेरच्या चादरीचं त्याहून जास्त झालं. म्हणून सांगतो, दिवा लागला की घाबरून पार्ट बदलू नका. आधी कोड वाचा, मग वायर बघा, आणि त्याआधी आपण स्वतः काय उद्योग करून ठेवलाय तो आठवा.

पुन्हा जगतपुरा

आता मीनलला सांगायचं कारण नव्हतं. दिवा नाही, आचके नाहीत, परवा निघायचं. पण रात्री ताटात पुन्हा अळणी खिचडी आली, आणि मीनल म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हाला डॉक्टरकडे नेते. मी अर्धी रजा टाकली आहे." तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. माझ्या खोट्या ब्लडप्रेशरपायी पोर जागत होती. मी चमचा खाली ठेवला. मग सगळं सांगून टाकलं. दिवा, भोंगा, यंत्र, पेढा, उंदीर.

पेढ्यापर्यंत ती रागावलेली होती. उंदराच्या घरापाशी तिला हसू फुटलं. ईरा म्हणाली, "मतलब, चूहा भूखा होता, गाडी नाही." पण हसणं थांबल्यावर मीनलने हात पुढे केला.

"चावी, बाबा. कबूल केलं होतंत."

खरंच होतं. मी खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. काय सांगू, वाईट वाटलं. रडू येईल इतकं वाटलं. नोकरीतून निरोप घेतानाही एवढं वाटलं नव्हतं.

"आईसाठी म्हणतेय मी," मीनल म्हणाली. "तिची पाठ…"

"माझ्या पाठीचं माझ्यावर सोड," सुमन म्हणाली. ती ईराचं ताट पुसत होती, वर बघितलंही नाही. "पाठ काय, विमानातही दुखेल. साताऱ्यात बसूनही दुखते. तिथे हे सकाळी पेपरमागे असतात नि संध्याकाळी टीव्हीपुढे. चहा टाक, जेवायला वाढ, यापलीकडे दिवसाकाठी शब्द नसतो. गाडीत बसले की बोलतात. झालावाडपासून कोट्यापर्यंत हे एकदाही गप्प नव्हते. मी उशी घेऊन येते ती त्यासाठी. दे ती चावी."

 मीनलने माझ्याकडे बघितलं आणि मी ताटाकडे. तिने चावी आईच्या हातात दिली. सुमनने ती कमरेला खोचली आणि मला म्हणाली, "मीठ वाढू का?"

टोंकच्या वाटेवर

निघताना मीनलने कचोऱ्यांचा डबा दिला, ईराने इंजिनाला टाटा केला. बॉनेटमध्ये काही ठेवलं नाही ना, हे वॉचमनने दोनदा विचारून घेतलं. प्रताप नगर मागे पडलं, टोंक रोड रुंद झाला, दोन्ही बाजूंना मोहरीसाठी नांगरून ठेवलेली शेतं लागली.

आणि मला एक शब्द सुचेना. इतकी वर्षं आपण नुसतीच टकळी लावतो आणि ही बिचारी सहन करते, असं मला वाटत होतं. आता काय बोलावं? कुठून सुरुवात करावी? मी डॅशबोर्डकडे बघत मुकाट्याने चालवत राहिलो. दिवा नव्हता. गाडी झकास पळत होती.

टोंक जवळ आलं तेव्हा सुमनने शेंगांची पिशवी मांडीवर घेतली, एक सोलली, माझ्या हातावर ठेवली.

"दिवा लागलाय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग गप्प का?"

मी शेंगदाणे तोंडात टाकले आणि लग्नात रुसलेल्या मामांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तिने ती किमान शंभरदा ऐकली असेल. ती म्हणाली, "हं."